पार्किन्सनची गोळी ‘केमिकल’, खाजकुयली ‘नैसर्गिक’? प्रश्नच चुकतोय

चोपड्याकडचे एक आप्पा माझ्याकडे चार वर्षांपासून येतात. सत्तरी ओलांडलेली, आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं. पार्किन्सनचं निदान झालं तेव्हा उजवा हात थरथरायचा, चाल मंदावली होती, सदऱ्याची बटणं लावायला पाच मिनिटं लागायची. गोळ्या सुरू झाल्या आणि आप्पा पुन्हा बांधावर जाऊ लागले.

गेल्या हिवाळ्यात मुलगा आणि सून त्यांना घेऊन आले तेव्हा चित्र उलटं होतं. हात-मान सारखी वळत होती, अंग एका जागी स्थिर राहत नव्हतं. रात्री अंगणात कुणी नसताना त्यांना माणसं दिसत होती. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ही सगळी लक्षणं औषध जास्त झाल्याची. पण माझ्या कागदावर डोस तोच होता. गोळ्या मोजल्या, त्याही बरोबर. तीनदा विचारल्यावर सूनबाईंनी पिशवीतून एक पुडकं काढलं. कवचबीजाचं चूर्ण, म्हणजे आपली खाजकुयली. आठवडे बाजारातून आणलेलं. दीड महिना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे, दुधातून.

“आप्पा, मला सांगितलं का नाही?”

आप्पा हसले. “तुम्ही रागावतस ना!” मग माझ्या गोळीकडे बोट दाखवून म्हणाले, “हाई केमिकल शे, अन् ते जंगलनं शे.”

रागावण्याबद्दल ते खरं बोलत होते. वर्षभरापूर्वी त्यांनी चूर्णाचा विषय काढला होता, तेव्हा मी त्यांना पुरतं बोलूही दिलं नव्हतं. ‘असलं काही घ्यायचं नाही’ एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक मारली होती. म्हणून ही गोष्ट आधी माझ्या चुकीची आहे. ‘केमिकल’ विरुद्ध ‘जंगलचं’ हा आप्पांचा हिशोबही चुकलेलाच होता, आणि तो एकट्या आप्पांचा नाही. जळगाव-धुळ्यात ओपीडीत बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला तो रोज ऐकू येतो. आज त्याबद्दलच थोडं सविस्तर बोलूया.

केळीत डोपामिन आहे, मग केळी खाऊन का भागत नाही?

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या एका छोट्या भागातल्या पेशी मरत जातात. त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचाल सुरळीत होण्यासाठी ते लागतं. ते कमी पडलं की कंप, ताठरपणा, मंदपणा येतो.

आता आपल्या जळगाव जिल्ह्यासाठी गमतीची गोष्ट. केळीत डोपामिन असतं. सालीत भरपूर, गरातही थोडं. केळीची साल काळी पडते त्यामागे मुख्यतः हेच डोपामिन हवेशी संयोग पावत असतं. मग जिथे ट्रकच्या ट्रक केळी भरली जातात तिथे पार्किन्सनचा पेशंट असायलाच नको!

तसं होत नाही, कारण मेंदूला वेस आहे. रक्तातल्या वाटेल त्या पदार्थाला मेंदूत शिरता येत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून पहारा देतात. डोपामिनला ही वेस ओलांडता येत नाही. केळीतलं असो वा सलाईनमधून दिलेलं, ते बाहेरच राहतं.

पण डोपामिनच्या आधीची पायरी, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो ‘डोपा’ नावाचा रेणू, वेशीतून आत जातो. कारण तो एक अमिनो आम्ल आहे. प्रथिनं पचून तयार होणाऱ्या अमिनो आम्लांसाठी वेशीवर वेगळा दरवाजा आहे, तिथून डोपालाही सोडलं जातं. आत गेल्यावर एक एन्झाइम त्याचा थोडा भाग कापून टाकतं आणि डोपामिन तयार होतं.

जे औषध गिळताना खरं औषध नसतं आणि शरीरात गेल्यावर खरं औषध बनतं, त्याला प्रोड्रग म्हणतात. पार्किन्सनची गोळी हे त्याचं उत्तम उदाहरण.

रेणूलाही डावा-उजवा हात असतो

पायातली चप्पल बघा. डावी आणि उजवी सारख्याच कातड्याची, सारख्याच मापाची, तेवढ्याच वजनाची. तरी डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही, कारण त्या एकमेकींची आरशातली प्रतिमा आहेत. अनेक रेणूंचं तसंच असतं. अणू तेच, जोडणी तीच, पण एक डावा आणि एक उजवा. अशा रेणूंना ‘कायरल’ म्हणतात.

आपलं शरीर याबाबतीत फार काटेकोर आहे. आपल्या प्रथिनांमधली अमिनो आम्लं एकाच हाताची असतात, त्यामुळे त्यांच्यावर काम करणारी एन्झाइमंही त्याच हाताला ओळखतात. डोपाचं डोपामिन करणारं एन्झाइम फक्त डाव्या डोपाला हात लावतं. त्याला एल-डोपा किंवा लेव्होडोपा म्हणतात. उजवा डोपा त्याच्या उपयोगाचा नाही.

उपयोगाचा नसला तर नसू दे, नुकसान तर नाही ना? नुकसान झालं. १९६७ साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत डॉ. जॉर्ज कॉट्झियास यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना डोपाचे मोठे डोस तोंडावाटे दिले. दिवसाला ३ ते १६ ग्रॅमपर्यंत. तो डोपा डावा-उजवा मिसळलेला होता, कारण प्रयोगशाळेत साध्या पद्धतीने रेणू बनवला की दोन्ही हात निम्मे-निम्मे तयार होतात. जखडलेले रुग्ण हालचाल करू लागले, पण काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. पुढे त्यांनी फक्त डावा डोपा वापरला. निम्म्या डोसात तेवढाच गुण आला आणि पांढऱ्या पेशींचा तो त्रासही टळला. १९६९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि पार्किन्सनचा उपचार जगभर बदलला.

म्हणजे औषधाचा ‘हात’ हा रसायनवाल्यांचा हट्ट नाही. तो पेशंटच्या रक्ताच्या रिपोर्टवर दिसतो.

निम्मा माल फेकायचा की साचा बनवायचा?

जगभरातून डाव्या डोपाची मागणी आली, पण कारखान्यात दोन्ही बनत होते. म्हणजे चांभाराने डाव्या-उजव्या चपलांचा ढीग करायचा, मग एकेक निवडून डावी वेगळी काढायची आणि उजवी टाकून द्यायची किंवा उसवून पुन्हा शिवायची. वेळ, माल, पैसा, सगळंच वाया.

मोन्सँटो कंपनीतले विल्यम नोल्स यांनी दुसरी वाट धरली. रसायनाच्या प्रक्रियेत उत्प्रेरक असतो. तो स्वतः खर्च होत नाही, पण प्रक्रिया घडवून आणतो. नोल्स यांनी ऱ्होडियम धातूच्या उत्प्रेरकालाच ‘हात’ दिला. धातूभोवती असे रेणू जोडले की समोर येणारा कच्चा माल एकाच बाजूने बसावा. १९६८ साली पहिल्या प्रयोगात डाव्याचं प्रमाण जेमतेम जास्त आलं. पुढच्या काही वर्षांत सुधारणा होत होत ते इतकं वाढलं की शंभरपैकी सत्त्याण्णवच्या वर रेणू डावे मिळू लागले. उरलेले स्फटिकीकरणात निघून जातात. १९७४ च्या सुमारास याच पद्धतीने एल-डोपाचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं. कच्चा माल व्हॅनिलिनपासून केलेला, म्हणजे आईस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देतं तेच.

वीटभट्टीवरचा साचा आठवा. साचा एक, विटा हजारो, आणि सगळ्या सारख्या. असाच चिमूटभर उत्प्रेरक हजारो रेणूंना एकच हात देतो. याला असममित उत्प्रेरण म्हणतात. या कामासाठी नोल्स, जपानचे रियोजी नोयोरी आणि अमेरिकेचे बॅरी शार्पलेस यांना २००१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. धातूशिवाय, छोट्या सेंद्रिय रेणूंनी हेच काम करण्यासाठी बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना २०२१ चं.

तुमच्या घरातही अशी औषधं असतील. रक्तदाबाचं रॅमिप्रिल हे प्रोड्रग आहे आणि त्याचा हात ठरलेला आहे. २००९ मध्ये पुण्यातून स्वाइन फ्लूच्या बातम्या येत होत्या तेव्हा ज्याचं नाव घरोघरी पोचलं ते ओसेल्टामिविर तसंच. हिपॅटायटिस सीवरचं सोफोसबुविरही तसंच. त्यात तर फॉस्फरसच्या अणूलाच हात आहे, आणि एका हाताचा रेणू दुसऱ्यापेक्षा विषाणूवर कितीतरी प्रभावी ठरला. एप्रिल २०२१ मध्ये ज्यासाठी महाराष्ट्रभर नातेवाईक वणवण फिरले त्या रेमडेसिविरमध्येही असाच फॉस्फरस आहे. असे फॉस्फरसवाले प्रोड्रग एकाच हाताचे जोडणारा छोटा सेंद्रिय उत्प्रेरक मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला.

आणि खाजकुयली?

आता आप्पांच्या पुडक्याकडे येऊ. त्यांना वाटत होतं की गोळीत एक गोष्ट आहे आणि चूर्णात दुसरी. प्रत्यक्षात खाजकुयलीच्या बीमध्ये एल-डोपाच असतो. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो या बीमधून वेगळा काढला होता. वेलीची एन्झाइमंही आपल्यासारखीच एकहाती, म्हणून बीमध्ये फक्त डावा डोपा तयार होतो. नोल्स यांनी ऱ्होडियमच्या साच्यातून जे साधलं ते ही वेल कुंपणावर चढून मुकाट्याने करत आली आहे. आज काही कारखान्यांत जंतूंच्या एन्झाइमनेही एल-डोपा बनतो. बी, धातू किंवा जंतू, कुठूनही आला तरी रेणू तोच, हातही तोच. मेंदूच्या वेशीवर कुणी त्याला गाव विचारत नाही.

आयुर्वेदात ही कपिकच्छू, आत्मगुप्ता. कंपवातात तिचा वापर होतो, आणि आपल्याच राज्यात त्याची आधुनिक तपासणीही झाली आहे. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवरचे अनुभव ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त प्रसिद्ध केले. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासात ३० ग्रॅम बीच्या पावडरीचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. तेव्हा ‘त्यात काही नसतं’ असं म्हणणारा डॉक्टर, म्हणजे वर्षभरापूर्वीचा मी, शास्त्राच्या बाजूने बोलत नव्हता.

मग मी आप्पांना चूर्ण का थांबवायला लावलं? कारणं दोन.

पहिलं कारण मात्रा. बीमध्ये एल-डोपा साधारण ३ ते ६ टक्के, पण जात, जमीन, साठवण यांनुसार तो बदलतो. दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम धरा. एका पुडक्यातून ३०० मिलिग्रॅम जाईल, दुसऱ्यातून ६००. ‘११०’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीत मात्र १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असतो, आज आणि पुढच्या महिन्यातही. पार्किन्सनमध्ये थोड्या मिलिग्रॅमच्या फरकाने माणूस जखडतो किंवा वळवळू लागतो.

दुसरं कारण जोडीदार. नुसता डोपा घेतला तर त्यातला बराचसा वेशीबाहेरच, आतड्यात आणि रक्तात, डोपामिन बनून वाया जातो आणि मळमळ, उलटी, रक्तदाब उतरणं असे त्रास देतो. गोळीतला कार्बिडोपा ही बाहेरची नासाडी थांबवतो. तो स्वतः मेंदूत जात नाही. त्याच्यामुळे डोपाचा डोस सुमारे पाऊणपट कमी करता येतो. चूर्णात कार्बिडोपा नाही. पण आप्पा गोळीही घेत होते! गोळीतल्या कार्बिडोपाने चूर्णातला डोपाही सांभाळून मेंदूपर्यंत पोचवला. दोन औषधांची बेरीज झाली नाही, गुणाकार झाला.

‘मग नुसतं चूर्णच घेतलं तर?’ हेही तपासलं गेलं आहे. बोलिव्हियात, गोळ्या न परवडणाऱ्या रुग्णांचा विचार करून इटलीच्या डॉक्टरांनी भाजलेल्या बीची पावडर वापरली. एकेका डोसाचा परिणाम चांगला दिसला. पण रोज घेण्याचा सोळा आठवड्यांचा प्रयोग केला तेव्हा पोटाच्या तक्रारींमुळे किंवा आजार वाढल्यामुळे निम्म्या रुग्णांना ती मध्येच सोडावी लागली.

माझं मत

‘नैसर्गिक की केमिकल’ हा प्रश्न पेशंटला कुठेच नेत नाही. विचारायचे प्रश्न असे आहेत: रेणू कोणता, त्याचा हात कोणता, तो किती मिलिग्रॅम आहे, आणि सोबत काय आहे? या चारही प्रश्नांची उत्तरं मला दहा गोळ्यांच्या पट्टीवर मिळतात. आप्पांच्या पुडक्यावर एकाचंही मिळालं नाही. माझा आक्षेप तेवढाच आहे, जंगलावर नाही.

म्हणून तीन मागण्या.

पहिली, माझ्यासारख्या डॉक्टरांकडे. पेशंटने जडीबुटीचं नाव काढलं की खेकसू नका. ‘कुठली, किती, कधीपासून’ हे विचारा आणि केसपेपरवर लिहा. आप्पांचा त्रास चूर्णाने झाला त्याहून जास्त माझ्या रागामुळे लपलेल्या माहितीने झाला.

दुसरी, आपल्याच भागातल्या संस्थांकडे. शिरपूरला आर. सी. पटेल फार्मसी महाविद्यालय आहे, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. सातपुडा खिडकीतून दिसतो. आठवडे बाजारातल्या कवचबीज चूर्णाचे नमुने आणून प्रत्येकात एल-डोपा किती हे मोजणं हा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातला प्रकल्प आहे. ते आकडे मराठीत छापून धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडीत लावले तर त्याचा उपयोग शंभर भाषणांपेक्षा जास्त होईल. विकणाऱ्यानेही पाकिटावर एल-डोपाचे मिलिग्रॅम लिहावेत.

तिसरी, शासनाकडे. लेव्होडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ती गोळी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही अखंड मिळायला हवी. पट्टी संपली, दुकान दूर आहे, पैसे नाहीत, अशा दिवशीच माणूस पुडक्याकडे वळतो. ही गोळी एकदम बंद पडणं धोक्याचं असतं. अंग कडक होऊन ताप चढतो, जिवावरही बेतू शकतं.

घरच्यांनी एवढं लक्षात ठेवा

- डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, वाढवू नका.
- गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्या. वरण, दूध, उडदाची डाळ यांतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं त्याच दरवाजातून जातात, मग गर्दी होते आणि डोपा मागे राहतो. मळमळ होत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.
- केळी खाऊ का, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. खा. त्यातल्या बी-६ जीवनसत्त्वामुळे नुसत्या डोपाचा परिणाम कमी होऊ शकतो, पण गोळीत कार्बिडोपा असल्याने एखाद-दुसऱ्या केळ्याने फरक पडत नाही.
- चूर्ण, काढा, बाजारातली ‘ताकदीची’ पावडर, जे काही चालू असेल ते पिशवीत घालून दवाखान्यात आणा. लपवू नका.
- अंग नकळत वळणं, नसलेली माणसं दिसणं, उठताना चक्कर येणं, यांपैकी काहीही नव्याने दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आप्पांचं चूर्ण आम्ही टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि गोळ्यांच्या वेळा नव्याने लावल्या. दोन आठवड्यांत अंगणातली माणसं निघून गेली, महिन्याभरात अंगही स्थिरावलं. मागच्या खेपेला मी त्यांना सांगितलं, “आप्पा, तुमच्या जंगलाने जे बनवलं तेच या गोळीत आहे. फक्त मोजून भरलंय.” ते काही बोलले नाहीत. गोळी हातावर घेऊन थोडा वेळ बघत राहिले, मग खिशात ठेवली.

आता दर खेपेला त्यांची पिशवी मी स्वतःच उघडायला सांगतो. रागावत नाही.